डावीकडून येणाऱ्या गाड्या

माझ्या वडिलांना डाव्या डोळ्यानं आता काही दिसत नाही. तो डोळा हळूहळू जात होता त्या दीड वर्षात मी दर रविवारी त्यांच्या शेजारी बसून कॉम्प्युटरचे भाग बदलत होते. हे आधीच सांगून टाकते. पुढं हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि हसून झाल्यावर कुणी मला गुणी लेक म्हणू नये.

आम्ही म्हैसूरचे मराठी. किती पिढ्यांचे, ते अप्पांनाही धड ठाऊक नाही. देव्हाऱ्यात विठोबा, तोंडात अर्धी मराठी अर्धी कन्नड आणि हातात कात्री, एवढी आमची ओळख. बाजारामागच्या गल्लीत अप्पांचं शिलाईचं दुकान होतं आणि दुकानामागं दोन खोल्यांचं घर. दुकान बंद झालं, आई गेली, अप्पा त्याच घरात राहिले. मी एकुलती एक. शिवण शिकले नाही, पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवते. नवरा आणि मी सरस्वतीपुरमला राहतो, तिथून अप्पांचं घर स्कूटरनं दहा मिनिटं. ही दहा मिनिटं मला वर्षानुवर्षं फार वाटायची. सणाला जायची, एरवी फोन. जेवलात का, औषध घेतलं का, सरी, बरं, ठेवते. अप्पांनी कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं मी धरून चालले. माणसाला सोयीचं असतं ते लवकर पटतं.

आता कॉम्प्युटरचं. मला खेळांचं वेड कॉलेजपासूनचं. पेपर तपासून झाले की मी तासभर खेळते, नवरा म्हणतो ह्या वयात शोभतं का, मी म्हणते तुझं क्रिकेट बघणं शोभतं का, आणि विषय संपतो. दोन वर्षांपूर्वी मी नवीन मशीन घेतलं आणि जुनं अप्पांकडं नेऊन ठेवलं, भजनं ऐकायला म्हणून. त्यात बस चालवायचा एक खेळ तसाच राहिला होता. कुणा हौशी माणसानं आपल्याकडच्या लाल बसचा नमुना करून त्यात बसवला होता, कन्नड पाटीसकट. अप्पांनी ती पाटी वाचली आणि भजनं राहिली बाजूला.

त्याला कारण होतं. तंबाखूचं पीक विकून पैसा हातात आला की पिरियापट्टणची माणसं कपडे शिवायला काढायची, आणि अप्पा गठ्ठे घेऊन चाळीस वर्षं त्या बसनं जात-येत राहिले. लग्नाची मापं घ्यायला कधी बेट्टदपुरापर्यंत. प्रत्येक वेळी ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचे आणि सगळी वाट त्याचे हातपाय बघत बसायचे. शिवणयंत्राचं पायडल आणि बसचा क्लच, दोन्हीला पाय सारखाच लागतो, असं त्यांचं मत होतं. स्वतः मात्र सायकलच्या पुढं गेले नाहीत. आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्यासमोर बस उभी, रिकामी, किल्ली लावून.

मी त्यांना स्टिअरिंगचं चाक आणून दिलं, खाली पायडल असलेलं. कापड बेतायच्या टेबलाच्या कडेला ते घट्ट बसलं. सुरुवातीचे महिने अप्पा काय सुंदर चालवायचे. वळायच्या आधी दिवा देणार, थांबा आला की थांबणार, म्हातारी माणसं चढेपर्यंत क्लच सोडणार नाहीत. खेळात म्हातारी माणसं नव्हतीच, पण अप्पांना कोण सांगणार. स्वतःच कंडक्टर होऊन 'रैट, होगोण' म्हणायचे आणि निघायचे. इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. स्वतःहून फोन करणारे नव्हेत ते. म्हणाले, मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय, डावीकडून गाड्या एकदम येतात. कुठून येतात कळत नाही, एकदम समोरच.

इथं आमच्या दुकानाचा एक नियम सांगायला हवा. गिऱ्हाईक जुनी पँट घेऊन आलं, कमरेला बटण लागत नाही म्हणालं, तर तुम्ही सुटलात असं कधी म्हणायचं नाही. कापड धुऊन आटलंय, असं म्हणायचं. आत दोन बोटं कापड सोडलेलं असायचंच, तेवढी शिवण उसवायची आणि पँट परत द्यायची. गिऱ्हाईकाला खरं माहीत असायचं, अप्पांनाही, पण दोष कापडाचा. अंगाला नाव ठेवायचं नाही, हा धंद्याचा पहिला धडा. स्वतःच्या अंगालासुद्धा. शिंप्यानं 'मला दिसत नाही' म्हटलं की दुकानाला कुलूप लागलं म्हणून समजा. दुकानाच्या शेवटच्या वर्षांत दोरा दोनदा ओवावा लागला की अप्पा दिव्याला शिव्या द्यायचे. तीन वेळा बल्ब बदलला, शेवटचा इतका मोठा की त्याखाली डोकं तापायचं. आम्ही मायलेकी हसायचो.

अशा घरात वाढलेली मी. मशीन बिघडलंय म्हणाल्यावर मी मशीनकडं बघितलं. शिवाय मी फिजिक्सची बाई, उत्तर तयारच होतं. पडद्यावरचं चित्र हलत नसतं, एका सेकंदाला पन्नास-साठ वेगळी चित्रं एकामागून एक येतात. ती काढायचं काम ग्राफिक्स कार्डचं. कार्ड जुनं असलं की मधली चित्रं गळतात, आणि लांब असलेली गाडी पुढच्या क्षणी नाकासमोर दिसते. अप्पांना मी हे कागदावर काढून समजावलं. त्यांनी मान डोलावली. किती बरोबर होतं ते सगळं. फक्त त्यांच्या बाबतीत खरं नव्हतं.

मग सुरू झाली माझी निवड. ज्यांना हे वेड नाही त्यांना कल्पना यायची नाही. लग्नाला स्थळं बघतात तशी मी कार्डं बघितली. दोन कार्डांची तुलना करणारे व्हिडिओ जेवताना, कॉलेजच्या रिकाम्या तासाला, भाजी निवडताना. एक नक्की करायचं, मग कुणीतरी लिहायचं की हे गरम होतं, की पुन्हा पहिल्यापासून. एक महिना गेला. पुढचं नवं कार्ड येणार अशी बातमी आली म्हणून मी आणखी दोन महिने थांबले. आज त्या तीन महिन्यांचा हिशेब मनात मांडते तेव्हा जेवण जात नाही.

ओळखीच्या दुकानातून सामान घ्यायची. दुकानदार पन्नाशीचा, शांत कन्नड गृहस्थ. त्यानं विचारलं, मॅडम, खेळणार कोण? मी म्हटलं, माझे वडील, बस चालवतात. तो म्हणाला, ह्या खेळाला जुनं कार्ड पुरतं की, अडायला नको, स्वल्प दुसरीकडं बघा काय आहे ते. दुसरीकडं बघा. एवढ्या काळात खरं बोललेला तो एकटा माणूस, आणि त्यालाही आपण काय बोललो ते ठाऊक नव्हतं. मी त्याला झापलं. म्हटलं, तुम्ही विकायचं काम करा, ठरवायचं माझ्यावर सोडा. त्यानं कार्ड बांधून दिलं.

कार्ड आलं ते वीतभर लांब. जुन्या खोक्यात बसेना. खोकं बदललं. मोठ्या कार्डाला वीज जास्त लागते, तर वीज पुरवणारा डबा बदलला. ह्यात तीन-चार रविवार गेले, आणि मला कबूल केलं पाहिजे, ते रविवार फार छान होते. बेतायच्या टेबलावर सगळं उघडं पसरलेलं, अप्पांनी स्क्रू ठेवायला बॉबिनची डबी आणलेली. प्रत्येक भागाचं नाव विचारायचे, हे कशाला, ते कशाला. एकदा खाली पडलेला स्क्रू उचलायला त्यांनी टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक आणलं आणि मी इतकी किंचाळले की शेजारच्या काकू दारात आल्या. दुपारी अप्पांनी केलेलं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, खायचं, मग मी थोडी लवंडायची, संध्याकाळी निघायची. निघताना ते विचारायचे, पुढच्या रविवारी काय करायचं? मी सांगायची ते.

नव्या कार्डावर अप्पांनी बस काढली. रस्ता आरशासारखा स्वच्छ, झाडाचं पान न पान वेगळं. दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला डावं चाक सरळ फुटपाथवर. अप्पा म्हणाले, आता पुष्कळ बरं आहे, डावीकडचं तेवढं अजून स्वल्प आहे. झालं. मी म्हटलं कार्ड पळतंय, प्रोसेसर मागं पडतोय. प्रोसेसर बदलायचा तर त्याखालचा मदरबोर्ड बदलायला हवा, मदरबोर्ड नवा तर रॅम नवी. महिने गेले. दसरा आला. आयुधपूजेला अप्पांनी कात्री, गज, शिवणयंत्र मांडलं, शेजारी हे खोकं, त्याला हळदकुंकू, आणि बसच्या चाकाखाली ठेवतात तसं स्टिअरिंगच्या खाली लिंबू. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला. सगळे हसले, कुणी कुणी लिहिलं, असे वडील हवेत.

त्या पूजेत कुंकवाचा करंडा डाव्या हाताला होता आणि अप्पा तो चाचपडत होते. माझ्या फोटोत ते दिसतं. मी नंतर बघितलं.

दिसायला सगळंच दिसत होतं. टेबलाच्या डाव्या कडेला ठेवलेला चहा त्यांनी दोनदा सांडला. मी म्हटलं, बघून हात टाका हो अप्पा. डाव्या खांद्यावर काळानिळा डाग होता, दाराची चौकट लागली म्हणाले. मी म्हटलं, पन्नास वर्षं राहताय ह्या घरात, दार काय नवं आहे? आणि एकदा, माझं तोंड झडो, सलग तिसऱ्यांदा बस घासल्यावर मी म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. ते हसले. खांदे हलवून हसायची त्यांची पद्धत आहे तसे हसले. मलाही वाटलं, काय छान चेष्टा केली.

शेवटचा शहाणपणा मॉनिटरचा. मी ठरवलं की पडदा लहान आहे, डावा आरसा कोपऱ्यात जातो, तो त्यांना नीट दिसत नसेल. म्हणून रुंद, दोन्ही बाजूंनी आत वळलेला पडदा आणला, टेबल भरून टाकणारा. आणि झालं उलटंच. पूर्वी दर फेरीला एकदा घासायचे, आता वळणावळणाला घासायला लागले. डावी बाजू आणखी डावीकडं गेली होती. हे आज कळतं. तेव्हा मी त्यांची खुर्ची पुढं घेतली, मागं घेतली, तिरकी केली. ते प्रत्येक वेळी उठायचे आणि मी म्हणेन तिथं बसायचे.

मला शेवटी राग आला, तो मशीनचा. कोपऱ्यात आकडा लावला, सेकंदाला किती चित्रं येतात तो. आकडा हलायला तयार नाही. एकही चित्र गळत नव्हतं. अप्पा म्हणाले, आत्ताच एक मोटारसायकल एकदम आली. त्यांनी चालवलेलं सगळं मी रेकॉर्ड करून ठेवलं होतं, चूक पकडायला. ते परत लावून बघितलं. मोटारसायकल डावीकडून येत होती, चांगली लांबून, लाल रंगाची. पाच-सहा सेकंद पडद्यावर होती. अप्पांच्या हातातलं चाक तसूभरही हललं नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, अप्पा, हे मी पुन्हा लावते, तुम्ही नुसतं समोर बघा आणि मोटारसायकल दिसली की सांगा. ते ताठ बसले, परीक्षेला बसल्यासारखे. मोटारसायकल आली, अख्खा रस्ता आली, बसला चिकटून बाहेर गेली.

"अजून आली नाही," अप्पा म्हणाले.

मी टेबलावरचा खडू घेतला. कापडावर खुणा करायचा पिवळा खडू. त्यांना समोर बघायला सांगितलं आणि डाव्या कानापासून खडू हळूहळू पुढं आणला. दिसला की बोला, म्हटलं. गालासमोर आला, डोळ्यासमोर आला, जवळजवळ नाकापर्यंत आला तेव्हा ते म्हणाले, आता दिसला.

काचबिंदू. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी हा शब्द वापरला, आधी कन्नडात आणि मग माझ्याकडं बघून इंग्रजीत. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस सुकत जाते, दुखत-खुपत काही नाही, नजर कडेकडून जाते. डावा डोळा जवळजवळ संपला होता. उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली होती, म्हणून डावीकडचं काहीच पकडता येत नव्हतं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येईल, रोज, जन्मभर. मीच विचारलं, दीड वर्षापूर्वी आणलं असतं तर? डॉक्टर भले गृहस्थ, आधी टाळायला बघत होते. मी सोडलं नाही. मग म्हणाले, बरंच वाचलं असतं.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझा बंब तर उत्तम होता, नवा कोरा, वेचून वेचून घेतलेला. दर वर्षी मी मुलांना डोळा शिकवते. फळ्यावर भिंग काढते, पडदा काढते, मागची नस काढते, खाली नावं लिहायला लावते. माझ्याइतकी सुबक आकृती कॉलेजात कुणाची येत नाही. आणि माझा बाप माझ्या शेजारी बसून सांगत होता, डावीकडचं दिसत नाही, तर मी त्याला रॅम आणून दिली.

घरी आल्यावर मला ते टेबलावरचं धूड सहन होईना. मी तारा उपटायला लागले. अप्पा म्हणाले, राहू दे, कशाला. आणि मग माझा तोल गेला. माझा राग नेहमीच चुकीच्या माणसावर निघतो, तसाच निघाला. मी ओरडले त्यांच्यावर. चहा सांडत होता, दार लागत होतं, माणसाला स्वतःला कळत नाही का? इतकी वर्षं सुईत दोरा ओवणाऱ्याला आपली नजर कळत नाही?

अप्पा खाटेवर बसले होते, माझा आवाज येत होता त्या बाजूला मान पूर्ण वळवून. आता त्यांना तसं बघावं लागतं.

"कळलं होतं," ते म्हणाले. "बटण लावत होतो. एक डोळा झाकून बघितला, मग दुसरा. तू ते लांब कार्ड आणलंस ना, त्याच्या आधी."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"डोळ्याचं सांगितलं असतं तर तू मला एकदा डॉक्टरकडं नेलं असतंस. औषध आणून दिलं असतंस, आणि झालं, फोनवर विचारलं असतंस घेतलं का म्हणून. मशीनचं सांगितलं की तू येत होतीस. दिवसभर बसत होतीस. जेवत होतीस इथं." मग म्हणाले, "इतकं जाईल असं नव्हतं वाटलं. म्हटलं, वय आहे, स्वल्प कमी दिसणारच."

त्यांच्या आवाजात बोल लावणं नव्हतं. मापं सांगावीत तसं सांगून टाकलं त्यांनी. बोल लावला असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. तारा हातातच होत्या.

आमच्याकडं चला म्हटलं तर ते येत नाहीत. म्हणून आता मी रोज जाते, सकाळी कॉलेजच्या आधी आणि संध्याकाळी परतताना. हात धुते, खालची पापणी ओढते, एक एक थेंब घालते. थेंब घातल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं असतं. ही पाच मिनिटं मी त्यांच्याजवळ बसते. पाच मिनिटं होतात, दहा होतात, अप्पा डोळे उघडत नाहीत. मला वाटायचं, औषध झोंबत असेल, म्हातारं माणूस आहे, वेळ लागतो. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, हे औषध झोंबत नाही.

काल अप्पा असेच मिटून बसले होते. मी खुर्ची सरकवली, पिशवी उचलली, चप्पल घातली. माझ्या चपलेचा आवाज झाला आणि त्यांनी लगेच डोळे उघडले.

मी चप्पल काढली आणि परत येऊन बसले. अप्पांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.